कपाटातला कुबट वास

पुष्कळ दिवस मिटून राहिलेल्या कपाटाचे दार उघडावे आणि आतून एक जड, कुबट वास नाकाशी यावा, हा अनुभव आपल्या गोव्यातील माणसाला नवा नाही. आमचे तुये गाव पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठी आहे. गोव्याच्या या पट्ट्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्या दिवसांत भिंतीला ओल येते, पापड सादळतो, चपलांवर पांढरी बुरशी धरते. मग कपाटातील कपडे, कागदपत्रे आणि पुस्तके कोरडी कशी राहावीत?

या विषयाची आठवण होण्याचे आणखी एक कारण आहे. गोव्यातील कितीतरी घरांची माणसे पोटासाठी मुंबईला, आखातात किंवा युरोपात गेली आणि घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिली. अशी घरे पुढे उघडली जातात तेव्हा आतील जुने सामान विक्रीला निघते. त्यात फणसाची, सागाची, क्वचित शिसवीची कपाटे आणि पेट्या असतात. लाकूड अस्सल, सांधे भक्कम, किंमत माफक. पण वासामुळे माणूस ती नाकारतो आणि बाजारातून चकचकीत नवे कपाट आणतो. ते घरी आले की त्यालाही वास येतोच, फक्त तो निराळा असतो. मराठीतील ‘अलमारी’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला हे आपण जाणता. पण अलमारीतील हा वास मात्र आपल्या हवेचा आहे आणि त्याचा उपायही आपणच शोधायला हवा.

वास आला की आपण पहिल्याने काय करतो? अत्तराचा फाया ठेवतो, सुवासिक साबणाची वडी ठेवतो, नाहीतर कपाटाला धुपाची धुरी देतो. दोन दिवस बरे वाटते. तिसऱ्या दिवशी कुबट वास आणि सुवास यांचे असे मिश्रण होते की पहिलेच बरे होते असे म्हणण्याची पाळी येते. कारण उघड आहे. वास म्हणजे कोठल्या तरी वस्तूतून सुटून हवेत आलेले सूक्ष्म कण. ती वस्तू जोवर आत आहे, तोवर कण सुटत राहणार. म्हणून वास घालवण्याआधी तो कशाचा आहे हे ठरवणे अगत्याचे असते. बुरशीचा वास मातकट आणि कुबट असतो. उंदराच्या मुताचा वास नाकाला झोंबतो. चिचुंद्री फिरून गेली असेल तर कस्तुरीसारखा पण शिसारी आणणारा दर्प येतो. खोबरे, काजू किंवा तेलाची भांडी ज्यात ठेवली होती अशा फडताळाला खवट वास येतो. डांबर गोळ्यांचा वास तर कोणीही ओळखील. नव्या कपाटाचा वास डोळ्यांना चुरचुरतो. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

वास ओळखताना एक खबरदारी घ्यावी. आपले नाक फार लवकर थकते. एकाच वासात पाच मिनिटे उभे राहिले की तो जाणवेनासा होतो आणि आपण ‘वास गेला’ असे म्हणून मोकळे होतो. त्यापेक्षा धुतलेला, बिनवासाचा सुती रुमाल कपाटात ठेवून दार लावावे. तीन दिवसांनी तो बाहेर काढून अंगणात जाऊन हुंगावा, किंवा घरातील दुसऱ्या कोणाला हुंगायला द्यावा. कपाट सुधारले की नाही, ते रुमालावरून कळते.

आता बुरशीकडे वळू. जुन्या सामानाच्या वासाचे आपल्याकडचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. कपाटातून त्यांना हद्दपार करणे कोणालाच साधायचे नाही. त्यांना उगवण्यासाठी ओल लागते, आणि ती तेवढी आपल्या हातात आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता शेकडा ७० ते ८०च्या घरात जाऊन तेथेच रेंगाळली की लाकूड, कागद आणि कापड यांवर बुरशी धरू लागते. ही आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र हल्ली स्वस्तात मिळते. परंतु ते नसले तरी प्रत्येक स्वयंपाकघरात एक मापक आहेच. तो म्हणजे मिठाची बरणी. शुद्ध मीठ शेकडा ७५ आर्द्रतेला हवेतील पाणी ओढून विरघळू लागते. आपल्या खाण्याच्या मिठात इतर क्षार असतात, म्हणून ते थोडे आधीच ओलसर होते. वर्गात मुलांना मी हे सांगते तेव्हा त्यांना गंमत वाटते, पण गोष्ट खरी आहे. एका बशीत चमचाभर कोरडे मीठ घालून ती कपाटाच्या तळाशी ठेवा. मिठाला पाणी सुटले, तर त्या कपाटात बुरशीलाही राहता येते असे समजा.

जुने कपाट घरात घेण्यापूर्वी ते पडवीत किंवा अंगणात उतरवून घ्यावे. सर्व खण बाहेर काढावेत, फळ्या सोडवाव्यात आणि कपाट उलटे करून त्याची पाठ व बूड पाहावे. बाहेरच्या बाजूला पॉलिश असते, आत मात्र लाकूड कोरेच असते. वास मुरतो तो या कोऱ्या बाजूत. फळ्यांवर खळीने चिकटवलेली जुनी वर्तमानपत्रे असली तर ती निर्दयपणे काढून टाकावीत. खळ म्हणजे पीठच. बुरशी, झुरळे आणि कसर या तिघांनाही ती आवडते. पुष्कळदा निम्मा वास त्या कागदाबरोबरच निघून जातो. कागद निघत नसेल तर कोमट पाण्याने भिजवून लाकडी पट्टीने खरवडावा.

बुरशी कोरडीच झाडू नये. तसे केल्याने बीजाणू उडतात आणि श्वासाबरोबर आत जातात. दमेकरी माणसाने, विशेषतः दमा असलेल्या मुलाने, अशा वेळी जवळपासही असू नये. काम करणाऱ्याने नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी, ओलसर फडक्याने बुरशी पुसून घ्यावी आणि ते फडके फेकून द्यावे. नंतर साबणाच्या सौम्य पाण्याने, आणि त्यानंतर निम्मे पाणी घातलेल्या विनागराने आतील सगळी बाजू पुसावी. आपल्याकडे माडाच्या सुरेपासून केलेले विनागर असते. ते चालते, पण फिकट लाकडावर त्याचा डाग पडण्याचा संभव असतो. अशा लाकडाला दुकानातील पांढरे विनागर बरे. कोपऱ्यात आधी थोडे लावून पाहावे. फडके पिळून घ्यावे. लाकडाला स्नान घालू नये. विनागराचा स्वतःचा आंबूस वास एकदोन दिवसांत उडून जातो.

येथे एक धोक्याची सूचना. स्वच्छतेचा उत्साह आला की माणसे एकात एक द्रव्ये मिसळतात. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण आणि विनागर यांचा कधीही संयोग होऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद खोलीत तो जीवावर बेततो. लाकडाला तर ब्लीच लावूच नये असे माझे मत आहे. त्याने डाग फिका होतो, पाणी मात्र लाकडात शिरते आणि बुरशीची सोय होते.

पुसून झाल्यावर वाळवणे, हाच खरा उपाय आहे आणि यातच आपण उतावीळ होतो. लाकडाचा पृष्ठभाग तासाभरात कोरडा लागतो, पण जाडीत मुरलेली ओल बाहेर यायला दिवस लागतात, जाड फळीला तर आठवडे. खण आणि सुट्या फळ्या सकाळच्या उन्हात दोनतीन तास ठेवाव्यात. संपूर्ण कपाट मात्र मे महिन्याच्या उन्हात उभे करू नये. लाकूड एका अंगाने आकसते, फळ्या पिळवटतात, सांधे ढिले होतात, आणि वर उंची लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असेल तर तो सुटून येतो. वारा खेळणारी सावली सर्वांत चांगली. आपले वाडवडील पुरुमेंताच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करण्याच्या मे महिन्यात, पेट्यापेटारे उघडून सगळे वारवून घेत. ती रीत शास्त्राला धरून होती. जुने कपाट घ्यायचे असेल तर तेही दिवाळीनंतर घ्यावे, म्हणजे कोरड्या हवेचे सहासात महिने हाताशी राहतात. ऐन आषाढात आणलेले कपाट वाळवायचे तरी कोठे?

उरलासुरला वास ओढून घेण्यासाठी कोळशाइतका उपयोगी पदार्थ नाही. कोळशाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात आणि वासाचे कण त्यांच्या भिंतींना चिकटून राहतात. पाणी गाळण्याच्या यंत्रांत वापरला जाणारा प्रक्रिया केलेला कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीपासूनच तयार होतो. त्याच्या एका ग्रॅमच्या छिद्रांचे एकंदर क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरते. घरच्या करवंटीच्या कोळशाला तेवढी शक्ती नसते, पण उपयोग होतो. पूर्ण विझलेले, थंड झालेले कोळसे वाडग्यात घालून प्रत्येक खणात ठेवावेत आणि दोनतीन आठवड्यांनी बदलावेत. खवट वासाला खाण्याचा सोडा चांगला; तेल जुने झाले की त्यात आम्ल तयार होते आणि सोडा त्याला मारतो. सोड्याच्या पाण्याने फडताळ पुसावे आणि नंतर साध्या ओल्या फडक्याने. कॉफीची पूड ठेवण्याचा सल्ला कोणी देतात. मला तो अत्तराचाच भाऊबंद वाटतो.

उंदीर किंवा घुशीने घाण केलेल्या सामानाला हात घालताना मात्र अधिक सावध राहावे. लेप्टोस्पायरोसिस हा उंदराच्या मुतातून पसरणारा आजार कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात डोके वर काढतो. हातात रबरी मोजे असावेत, हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्यावर सोपवावे, आणि लेंड्या कोरड्या न झाडता साबणाच्या पाण्याने भिजवून उचलाव्यात. मुताचा झोंबणारा वास अमोनियाचा असतो. साबणाने धुतल्यावर विनागराचा हात फिरवला की तो बराच उतरतो, कारण आम्लाने अमोनिया बांधला जातो.

आता डांबर गोळ्यांविषयी. येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण या गोळ्यांना आपण वासावरचे औषध मानतो. कपाटाला कुबट वास आला की टाक चार गोळ्या, असा आपला परिपाठ आहे. या गोळ्या पुष्कळदा नॅफ्थलिनच्या असतात. ते घन पदार्थातून थेट वाफ होऊन उडते. ती वाफ कपड्यांत मुरते, लाकडात मुरते आणि गोळी संपल्यावरही महिनोन् महिने तेथून बाहेर येत राहते. मोठ्या माणसाला त्याने डोकेदुखी होईल, मळमळेल. तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी आहे. काही मुलांच्या तांबड्या रक्तपेशींत ‘जी-सिक्स-पीडी’ नावाचे एक विकर जन्मतः कमी असते. हा दोष आनुवंशिक आहे, मुलग्यांत अधिक आढळतो, आणि बाहेरून बाळाकडे पाहून तो कळत नाही. अशा बाळाला नॅफ्थलिनच्या वाफेत मुरलेले कपडे घातले किंवा दुपट्यात गुंडाळले, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, कावीळ झपाट्याने वाढते, आणि ती मेंदूपर्यंत पोचली तर कायमची हानी होते. बाळाला तेल चोळण्याची आपली पद्धत आहे. तेल लावलेल्या कातडीतून हे द्रव्य अधिक सहज आत शिरते.

आणि आपल्याकडे नेमके काय होते पाहा. पहिल्या मुलाची झबली, टोपडी, बारशाची किंवा बाप्तिस्म्याची वस्त्रे आपण मायेने जपून ठेवतो, आणि जपतो ती डांबर गोळ्यांत. दुसरे मूल झाले की तीच पेटी उघडते. म्हणून बाळाच्या कपड्यांत आणि बाळ झोपते त्या खोलीतील कपाटात या गोळ्या मुळीच असू नयेत. जुने कपाट आणले आणि त्याला हा वास असला, तर ते उघडे ठेवून निदान एक उन्हाळा बाहेरच्या पडवीत काढू द्यावे. उष्णता आणि वारा यांनीच नॅफ्थलिन उडते, विनागराने किंवा सोड्याने नव्हे. जपून ठेवलेले कपडे धुऊन, कित्येक दिवस वारवून, वास पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावरच वापरावेत. गोळ्या खडीसाखरेसारख्या दिसतात आणि रांगणारी मुले त्या तोंडात घालतात, हा धोका निराळाच. कापूर त्यापेक्षा निरुपद्रवी, असा समज आहे. पूर्वी मकावच्या वाटेने चीनकडून येणाऱ्या कापराच्या लाकडाच्या पेट्या श्रीमंत घरांतून असत, आणि त्यांत कसर लागत नसे हे खरे. पण कापराची वडी मुलाने गिळली तर झटके येतात. तीही मुलांच्या हाती लागू देऊ नये.

मग कसरीचे काय करावे? कपडे स्वच्छ धुऊन, कडकडीत वाळवून मगच ठेवावेत. घामाचे, तेलाचे आणि खळीचे डाग कसरीला बोलावतात. वाळलेला कडुनिंबाचा पाला, वाळ्याची जुडी, चार लवंगा यांचा थोडाफार उपयोग होतो. पालाही पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर त्यालाच बुरशी येते.

नव्या कपाटाचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. हल्ली नवे सामान म्हणजे बहुधा लाकडाचा भुसा किंवा तंतू डिंकाने दाबून केलेले तक्ते. हा डिंक पुष्कळदा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू सुटत राहतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, दमेकऱ्याला धाप लागणे ही त्याची लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या वायूची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केली. घरातील हवेत तो अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये घालून दिली. ऊन आणि दमटपणा या दोहोंनी हा वायू अधिक सुटतो, आणि आपल्याकडे दोन्हींची वाण नाही.

तेव्हा असे कपाट आणल्याबरोबर त्यात कपडे भरू नयेत आणि ते मुलांच्या निजण्याच्या खोलीत ठेवू नये. खण, दारे उघडून ते वाऱ्यावर काही आठवडे राहू द्यावे. पहिल्या आठवड्यांत वायू सर्वाधिक सुटतो, पुढे त्याचे प्रमाण घटत जाते. तक्त्याच्या ज्या कडा आणि भोके उघडी राहिलेली असतील, विशेषतः मागच्या बाजूची, ती वॉर्निशने बंद करावीत. वायू तेथूनच जास्त निघतो आणि पावसाळ्यातील ओलही तेथूनच आत जाऊन तक्ता फुगवते. अशा सामानाला पाण्याने किंवा विनागराने पुसत बसू नये, फुगण्याचे ते निमित्त होईल. विकत घेतानाच ‘ई-१’ किंवा ‘ई-०’ असा शिक्का पाहावा. तो वायू कमी सुटत असल्याचा असतो. सुताराकडून करून घेणार असाल तर ‘आयएस ७१०’ दर्जाचे प्लायवूड मागावे. त्याचा डिंक फिनॉलचा असतो, पाण्याला टिकतो आणि फॉर्मल्डिहाइड फारच कमी सोडतो. दोन पैसे अधिक जातात, हे कबूल.

लोखंडी कपाटाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. लोखंड वास शोषून घेत नाही. वास येत असेल तर तो आतील कपड्यांचा, कागदांचा किंवा कोपऱ्यातील गंजाचा असतो. सामान काढावे, पुसावे, गंज घासून रंग लावावा, रंग आठवडाभर वाळू द्यावा, की झाले.

जुन्या रंगवलेल्या लाकडी कपाटाला मात्र एक पथ्य आहे. रंग खरवडून, घासकागद मारून वास घालवण्याचा मोह होतो. पूर्वीच्या तैलरंगांत शिसे पुष्कळ असे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर होते आणि लहान मुलांच्या मेंदूला ती बाधते. असा रंग शाबूत असेल तर राहू द्यावा आणि फक्त आतील कोऱ्या लाकडावर काम करावे.

इतके करूनही एखाद्या कपाटाचा वास चिवटपणे टिकून राहतो. लाकडाच्या अंतरंगात मुरलेले सगळेच काही बाहेर काढता येत नाही. तेव्हा त्याला आतच कोंडावे. त्यासाठी पॉलिशवाल्याची चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून आतील सर्व बाजूंना, खणांच्या बुडांना आणि पाठफळीला दोन हात द्यावेत. लाखेचा थर वासाला उत्तम अडवतो. स्पिरिट पेट घेणारे असते, म्हणून हे काम चुलीपासून दूर, उघड्यावर करावे. त्याचा वास दोनतीन दिवसांत उडून जातो. पण लाकूड पुरते वाळलेले नसताना लाख लावली तर ओल आत कोंडली जाते आणि आतल्या आत लाकूड कुजते. यासाठी आधी ती मिठाची बशी पाहावी.

शेवटी कपाट कोठे उभे करावे, ते सांगते. आपल्या चिऱ्याच्या भिंती पावसात पाणी पितात. ज्या भिंतीवर बाहेरून पावसाची झड येते, तिला टेकून ठेवलेल्या कपाटाची पाठ चार महिने थंड आणि ओली राहते. शक्य असेल तर आतील भिंत निवडावी, मध्ये चार बोटे अंतर ठेवावे, पायांखाली लाकडाचे किंवा दगडाचे ठोकळे द्यावेत आणि आत सामान ठासून भरू नये. पावसाळ्यात एखाद्या दिवशी उघडीप पडली आणि बाहेरची हवा कोरडी वाटली, की दारे दोनतीन तास सताड उघडी टाकावीत. धो धो पाऊस चालू असताना उघडली, तर बाहेरची ओलच आत येते.